सारवलेली पाखाडी

१९५३ साली मी वीस वर्षांचा होतो. वीस म्हणजे आईने सांगितलेले वीस. आमच्यात तेव्हा जन्माचा कागद कुणी ठेवत नसे. अमक्या हंगामात मीठ पावसाने विरघळलं, त्या साली तू झालास, एवढाच हिशेब. शाळा दुसरीपर्यंत. पुढे मास्तरनेच बापाला सांगितलं की याला मिठागरावर घेऊन जा, इथे बसून तो दुसऱ्यांनाही शिकू देत नाही. हे मी लाजून सांगत नाही. आहे ते आहे.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीपलीकडे, कळव्याच्या पुढे, डोंगर आणि मिठागरं यांच्यामध्ये चेपून बसलेलं. गावातून वर मुंब्र्याच्या रस्त्याला लागायला जवळची वाट एकच, ती म्हणजे पाखाडी. काळ्या दगडांची, उभी, छातीवर येणारी चढण. डोंगरात दगडाच्या खाणी होत्या, तेव्हा कुणा ठेकेदाराने बैलगाड्या रुतू नयेत म्हणून ते दगड बसवून घेतलेले. कडा झिजून ते पालथ्या वाट्यांसारखे झालेले. बैल घसरायचे, म्हाताऱ्या पडायच्या. गावातली चार शहाणी माणसं कित्येक वर्षं ठाण्याच्या कचेरीत खेपा घालत होती की आमच्या पाखाडीवर डांबर टाका. डांबर काही येत नव्हतं.

अशा त्या पाखाडीवर एका रविवारी एक गोरा साहेब सायकल घेऊन आला. वर गेला. खाली आला. परत वर गेला. परत खाली. घामाने न्हालेला, तोंड लाल, पण थांबायला तयार नाही. गाव गोळा झालं. मिठागरावर मुकादम असलेले एक काका होते, ते बोलले, "याचं काय तरी हरवलंय रं. आंगठी असंल." झालं! बायका, पोरं, म्हातारे, सगळे पाखाडीवर वाकून दगडांच्या फटींत आंगठी शोधायला लागले. साहेब वरून येतोय आणि रस्ताभर माणसं ओणवी! त्याने ब्रेक दाबला, सायकल आडवी झाली आणि तो काकांच्या अंगावर जाऊन पडला.

मी त्याला उठवलं. मला थोडी हिंदी येत होती, त्याला माझ्याहूनही कमी. विचारलं, "साहब, क्या गुम गया?" तो म्हणाला, "कुछ नहीं. पत्थर अच्छा. बहुत अच्छा पत्थर."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. आमच्या पाखाडीला आजवर कुणी चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

ठाण्यात एक नवी गिरणी उभी राहत होती, तिथे यंत्रं बसवायला हा साहेब आलेला. मी त्याला इंग्रज समजलो तर तो भडकला. "इंग्रज नहीं! बेल्जम. बेल्जम में भी फ्लेमिश." बेल्जम त्याचा देश, आणि फ्लेमिश ही त्यातली त्याची जमात. आम्हाला कुणी कोळी म्हटलं की माझा बाप असाच भडकायचा, "कोळी नाय, आगरी!" म्हणून. त्यामुळे मला तो माणूस एकदम ओळखीचा वाटला.

पुढच्या रविवारी त्याने खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून दाखवलं. त्यात एक माणूस होता. तोंडभर चिखल, फक्त डोळे पांढरे, गुडघ्यातून रक्त, खाली दगडांचा रस्ता, आमच्यासारखाच, आणि दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी. त्यांच्याकडे मोठी लढाई होऊन गेलेली हे आम्हालाही ठाऊक होतं. मी विचारलं, "साहब, ये लढाई में मरा क्या?"

"मरा नहीं," तो म्हणाला. "ये तीसरा नंबर आया."

मग त्याने मला समजावलं. त्यांचा देश सपाट. डोंगर म्हणाल तर आमच्या पाखाडीएवढे. आता तिथे डांबराचे रस्ते झालेत, पण सायकलची शर्यत असली की ते लोक डांबर सोडून देतात आणि शेतांमधले जुने दगडी रस्ते, दगडी चढ शोधून काढतात. जितका वाईट रस्ता तितकी शर्यत मोठी. पाऊस असला तर आणखी चांगलं.

मी सुन्न झालो. आमचे लोक डांबरासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतात, आणि जगात असा एक मुलूख आहे की जिथे डांबर बाजूला टाकून माणसं मुद्दाम दगडांवर पडायला जातात, आणि त्यांना बघायला गाव लोटतं! घरी येऊन सांगितलं तर कुणाला खरं वाटेना. काका म्हणाले, "त्यांच्याकडं डांबर सपलं असंल. लाज झाकतान."

साहेबाची सायकल मात्र लाज झाकणारी नव्हती. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, एका बोटावर उचलावी इतकी हलकी, मागे दात्यांची चक्रं एकाशेजारी एक. माझी सायकल डबल दांडीची, दुधवाल्याकडून आलेली, मागे कॅरियर. उचलायची तर कंबर धरून उचलायची. साहेबाने एकदा मला त्याची सायकल पाखाडीवर चालवायला दिली. खाली उतरलो तेव्हा माझ्या मनात दुसरं काही उरलंच नव्हतं. ती सायकल मला पाहिजे होती. बायको पाहिजे असते तशी नाही, हात पाहिजे असतो तशी.

पावसाळा गेला, दिवाळी उलटली. साहेबाचं काम संपत आलं. त्याने गिरणीतल्या लोकांना धरून एक शर्यत काढली. टेंभी नाक्यावरून निघायचं, खाडीचा पूल, कळवा, मुंब्र्याचा रस्ता, तिथून लांबच्या वळशाच्या गाडीवाटेने आमच्या गावात उतरायचं, मिठागराच्या बांधावरून पाखाडीच्या तोंडाशी यायचं आणि पाखाडी चढून वर रस्त्याला लागलं की शर्यत संपली. बक्षीस काय? साहेब म्हणाला, "मेरा साइकिल. जो पहले ऊपर, उसका."

त्या दिवसापासून मी मिठागरावरून सुटलो की पाखाडीवर. साहेबाने शिकवलं ते सगळं अंगात मुरवलं. खालच्या दगडाकडे बघायचं नाही, पुढच्या चार दगडांकडे बघायचं. सीटवरून उठायचं नाही, उठलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. टायरमध्ये हवा थोडी कमी. हँडल आवळायचं नाही, दगड त्याला नाचवतील तेवढं नाचू द्यायचं. कुठला दगड डुगडुगतो, कुठे दोन दगडांत चाक अडकतं, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. हात सुजायचे. रात्री भाकरी मोडता यायची नाही.

घरी माझी आत्या होती. बापाची मोठी बहीण, लवकर नवरा गेलेली, आमच्याकडेच राहायची. मिठाची टोपली वाहणाऱ्या बायकांची ती म्होरकी. तिच्या शब्दापुढे बापही जायचा नाही. ती माझे हात बघायची आणि दगडांच्या नावाने बोटं मोडायची. "मेल्यांनी पोराचं हात खाल्लं." बाप म्हणायचा, "त्या सायकलीला खाशील काय रं?" मी जेवत राहायचो. मला ते दगडच पाहिजेत, दगड होते म्हणूनच मी जिंकणार होतो, हे त्यांना सांगून कळलं असतं का? मला तरी साहेबाचं कात्रण बघण्याआधी कुठे कळलं असतं?

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी टेंभी नाक्याला मामाकडे मुक्कामाला गेलो. रविवारी सकाळी नाक्यावर पंधरा-वीसजण जमलेले. गिरणीवाले, एक पोस्टातला, दोन दुधवाले. आणि ठाकुर्लीच्या वीजघरात काम करणारा एकजण. हा मूळचा देशावरचा, उंच, पायात कॅनव्हासचे बूट, अंगात पांढरं शुभ्र बनियन. कल्याणपासून ठाण्यापर्यंत याच्या सायकलचं नाव होतं. माझ्या कॅरियरकडे बघून म्हणाला, "काय रे मीठवाल्या, मागे पोतं बांधायचं राहिलं का?"

"तुला बसवायला ठेवलंय," मी म्हणालो. "मीठ वाहतो, तुझ्या वीजघरातला कोळसाही वाहीन."

"अनवाणी चालवणार?"

"पाय माझे आहेत. तू दुकानातून आणलेस."

लोक हसले. तोही हसला. माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवतो.

शर्यत सुटली. कळव्यापर्यंत सगळे एकत्र, मुंब्र्याच्या रस्त्यावर फुटले. पुढे आम्ही दोघंच. तो सपाटीवर माझ्यापुढे जायचा, मी वळणावर गाठायचो. मनातून मला घाई नव्हतीच. मला ठाऊक होतं की हे सगळं पाखाडीपर्यंतचं आहे. पाखाडीवर तो उभा राहून पेडल मारणार, चाक फिरणार, आणि मी बसल्या बसल्या त्याच्या बाजूने निघून जाणार. गाडीवाटेने आम्ही गावात उतरलो. बांधावरून आलो. शेवटच्या घराला वळसा घातला, की समोर पाखाडी.

पाखाडी नव्हती.

दगड एकही दिसत नव्हता. खालपासून वरपर्यंत हिरवीगार, ओली, चकचकीत, बोटांच्या अर्धवर्तुळांची नक्षी उठलेली जमीन. शेणाने सारवलेली! दोन्ही कडांना रांगोळी. दोन्ही बाजूंना नव्या लुगड्यांतल्या बायका ओळीने उभ्या, आणि सगळ्यांच्या पुढे हातात आरतीचं ताट घेऊन, कोपरापर्यंत शेणाच्या हाताने, माझी आत्या.

मी डोळे मिटून उघडले. गाव चुकलो की काय, असंही एक क्षण वाटून गेलं.

आमच्याकडे चैत्रात देवीची पालखी पाखाडीवरून यायची. त्या दिवशी पहाटे बायका अख्खी पाखाडी सारवून काढायच्या. पालखी येईपर्यंत चैत्राच्या उन्हात ते सुकून ठणठणीत व्हायचं. गावाला तेवढंच माहीत होतं. मोठा माणूस येणार, बाहेरगावची माणसं येणार, साहेब स्वतः वर उभा राहणार, तर मग दगड उघडे ठेवून गावाची अब्रू घालवायची का? आणि त्यात घरच्या पोराचे हात वाचणार. आत्याने बायका उठवल्या, शेणात माती कालवून सगळ्या कामाला लागल्या. पण तो मार्गशीर्ष होता. आमचा डोंगर पूर्वेला. थंडीत ऊन डोंगराआडून पाखाडीवर यायला दुपार होते. ते सारवण सुकणार कुठून?

मी चढावर चाक घातलं आणि चाक तिथेच नाचायला लागलं. जीव खाऊन दोन हात वर गेलो आणि आडवा झालो. ठाकुर्लीवाला माझ्या बाजूने गेला, उभा राहून पेडल मारायला लागला आणि आत्याच्या पायाशी पालथा पडला. मागून पोस्टवाला आला तो आमच्या दोघांवर. मग दुधवाले. ढीगच झाला. रांगोळी सगळ्यांच्या तोंडाला.

"आत्या!" मी ओरडलो. "हे कुणी केलं?"

"आम्ही!" ती अभिमानाने म्हणाली. "पहाटंपासून कंबर सरळ केली नाय. आता बसलायस कं? चढ, मेल्या!"

ठाकुर्लीवाला तोंडावरचं शेण पुसत म्हणाला, "ही शर्यत आहे का गोठा?"

"तुज्या घरी शेण नाय काय रं?" आत्या त्याच्यावर ताट घेऊन धावली. "पाव्हना हाय म्हणून सोडतंय!"

मी उठलो. चालवून जाणं शक्य नव्हतं हे कुणालाही दिसत होतं. पण चिखलावर चालणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मिठागराच्या गाळात जन्म गेला, पायाची बोटं आपसूक आत रुततात. सायकल टोपलीसारखी खांद्यावर टाकली आणि चालू लागलो. मागे कॅनव्हासचे बूट घसरताना ऐकू येत होते. मग ते थांबलं. त्याने बूट काढून हातात घेतले असणार.

मी पहिला वर पोहोचलो. खाली गाव ओरडत होतं, कुणी ढोल काढला. साहेब रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाप शेजारी उभा. साहेबाने उठून मला मिठी मारली, त्याचा पांढरा शर्ट हिरवा झाला. म्हणाला, "हमारे देश में भी बारिश में ऐसा. सब लोग पैदल. कोई बात नहीं. तुम पहले. साइकिल तुम्हारा." आणि ती शिंगांची सायकल त्याने माझ्यापुढे धरली.

मी हात पुढे केला आणि माझा हात मला दिसला. शेणाने भरलेला. मी तो मागे घेतला.

"नहीं, साहब."

ढोल कुणी थांबवला नव्हता, पण मला तो ऐकू येईना. साहेब म्हणाला, "क्या नहीं?"

"मैं चलाके नहीं आया. उठाके लाया. ये रेस नहीं हुआ."

बाप पुढे आला. "येड्या, घे! देतोय तर घे!"

"सायकलची शर्यत होती, बाबा. हमालीची नाय. हमालीत मी जिंकणारच. त्याला बक्षीस कशाला?"

"आरं, नियम त्याचा, देणारा तो!"

"घेणारा मी आहे."

साहेबाने मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी मान हलवली. मला वाटत होतं, दुसरंही कुणी घेणार नाही, कारण दुसरंही कुणी चालवत आलेलं नाही. मग साहेब म्हणेल की शर्यत पुन्हा घेऊ, उघड्या दगडांवर. इतकं मला स्पष्ट दिसत होतं. साहेबाने ठाकुर्लीवाल्याकडे बघितलं. तो बूट हातात घेऊन, धापा टाकत, नुकताच वर आलेला. साहेबाने खुणेने विचारलं, तुला?

मी त्याच्याकडे निवांत बघत होतो. तो बहाद्दर गडी. तो काय घेतोय?

"मला चालेल की," तो म्हणाला.

त्याने गवताला हात पुसले, बूट घातले, सायकल घेतली. वर बसून एक चक्कर मारून बघितली, ब्रेक दाबून बघितला. मला थप्पड मारली असती तरी मी इतका हादरलो नसतो. मी त्याच्याकडे आ वासून बघत होतो. तो थांबला आणि म्हणाला, "असा बघू नकोस, मीठवाल्या. तुझी अब्रू तुझ्यापाशी राहू दे, सायकल माझ्यापाशी राहू दे. दोघांचंही भलं झालं." चेष्टेने नव्हे, समजावून सांगावं तसं म्हणाला. आणि मुंब्र्याच्या वळणावर दिसेनासा झाला. त्याची जुनी सायकल मागून एक दुधवाला घेऊन गेला.

साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईला आणि तिथून बोटीने जाणार होता. त्याने माझा हात हातात घेतला, काहीतरी आपल्या भाषेत बोलला. हसत नव्हता आता. मला ते काय होतं ते कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

घरी आलो तर आत्या चुलीपाशी. जिताडा मासा रांधलेला. "पयला आलास ना? सायकल कुठाय?"

बापाने सांगितलं. ती हातातला रश्शाचा डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. "नाय बोललास? जिंकलेली वस्तू?"

"दगडांवर चालवून जिंकायची होती, आत्या. तुम्ही दगडच झाकले."

"दगडांनी दात पाडले असते तुझे!"

"पाडू द्यायचे होते."

तिने माझ्यापुढे ताट आदळलं आणि माझ्याकडे पाठ केली. "गावच्या बायकांनी हात मोडून घेतले याच्यासाठी. आन् हा म्हणतो दगड झाकले."

तिला वाईट वाटलं हे मला दिसत होतं. मी कमी बोललो असतो तर बरं झालं असतं, असं पुढे पुष्कळांनी मला ऐकवलं. सायकल घ्यायला हवी होती, हेही ऐकवलं. माझ्या पोरांनीही ऐकवलं. मी त्या सगळ्यांना एकच विचारतो, तुम्ही ती सायकल चालवताना, कुणी विचारलं असतं की कशी मिळाली, तर काय सांगितलं असतं? म्हणतात, कोण विचारतंय? मी विचारलं असतं ना, मला.

दुपारी उरलेलं सारवण उन्हाने सुकलं. पाखाडी एवढी सपाट आणि टणक झाली की शाळकरी मुलं भाड्याच्या सायकली घेऊन सहज वर जायला लागली. गाव खूश. काका म्हणाले, "बघा, डांबरापेक्षा झ्याक!" मी ते ओट्यावर बसून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिठागरावर गेलो नाही. फावडं घेतलं आणि पाखाडीच्या माथ्यापासून सारवण खरवडायला सुरुवात केली. आत्या खाली, पाखाडीच्या तळाशी आमच्या दारात येऊन ओरडली की सारवलेलं खरवडतोस, घरात अवदसा आणतोस. मी थांबलो नाही. तेव्हा ती उंबऱ्यावर माझ्याकडे पाठ करून बसली. एकेक दगड वर येत गेला. तळाशी आलो, खाडीचं पाणी हंड्याने आणून सगळं धुतलं आणि डबल दांडीवर बसलो. दगडांनी हँडल नाचवलं, मी नाचू दिलं. सीटवरून उठलो नाही, पाय टेकवला नाही, वर रस्त्याला लागलो. वरून खाली पाहिलं तर आत्या अजून पाठ करूनच बसलेली. मी सायकल वळवली, खाली आलो, तिच्या पाठीशी जाऊन घंटी वाजवली. तिने मान वळवली तसा मी पुन्हा चढायला लागलो.